लाभांश न देणाऱ्या खाद्यकंपन्यांचे शेअर

मागील महिन्यांत आमच्या सोसायटीच्या बैठकीनंतर एका बागाईतदार सभासदानें असा प्रश्न काढिला कीं, "आपण टोमॅटो व बटाटे पिकवितों, त्यांपासून खाद्यपदार्थ करून विकणाऱ्या कंपन्या गबर होतात. मग त्यांचे शेअर आपणच कां घेऊं नयेत? जेवण कांहीं कोणी सोडीत नाहीं, तेव्हां असा धंदा बुडणार कसा?" प्रश्न रास्त आहे. परंतु ज्या कंपनीचे शेअर घेण्याचा त्याचा विचार होता, तिनें आजवर एक पैसाही लाभांश दिलेला नव्हता, व ही गोष्ट त्याच्या ध्यानांत आली नव्हती. अशा शेअरांचा विचार कसा करावा, हें येथें सांगतों.

लाभांश म्हणजे कंपनीच्या नफ्यांतून भागधारकास रोख मिळणारा वांटा. तो हक्कानें मागतां येत नाहीं. 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणें घसारा वजा जातां चालू किंवा मागील वर्षांचा जो नफा उरेल त्यांतूनच तो देतात. संचालक मंडळ शिफारस करितें, आणि वार्षिक सभा सामान्यतः ती रक्कम कमी करूं शकते, वाढवूं शकत नाहीं. कुळाकडून खंड वसूल करण्यासारखा हा व्यवहार नव्हे.

आपणांस संवय आहे ती सहकारी साखर कारखान्याच्या शेअरची, आणि ती संवयच येथें फसविते. महाराष्ट्रांत सहकारी संस्थेच्या लाभांशास, सरकारची मंजुरी नसल्यास, शेंकडा 15 ची मर्यादा आहे. सभासद तिकडे फारसें पाहतही नाहीं, कारण त्याचा खरा लाभ उंसाच्या भावांतून येतो. शेअरबाजारांतील कंपनीचा भाग घेतल्यानें मात्र आपल्या टोमॅटोस दमडीही जास्त मिळत नाहीं. उलट कच्चा माल जितका स्वस्त, तितका कंपनीचा नफा अधिक. तेव्हां लाभांश नसेल तर हातीं काय येणार? शेअर विकतांना वाढीव भाव मिळाला तर तोच. दुसरें कांहीं नाहीं.

अशा कंपन्या दोन जातींच्या असतात, व बाहेरून त्या सारख्याच दिसतात. एकीस नफा होतो, पण ती तो बियाण्याप्रमाणें राखून पुढील हंगामांत पेरते. दुसरीस नफाच होत नाहीं. ती देणार कोठून?

पहिल्या जातीचें उदाहरण अमेरिकेंतील चिपोटले ही कंपनी. भात, घेवड्याचे दाणे व मांस पोळींत गुंडाळून विकणारीं उपाहारगृहें ती चालविते. जानेवारी 2006 मध्यें तिचा शेअर 22 डॉलरांस विकला गेला. नफा न वाटतां तिनें नवीं उपाहारगृहें काढलीं. आरंभीं सुमारें पांचशें होतीं, तीं 2024 अखेर साडेतीन हजारांहून अधिक झालीं. जून 2024 मध्यें एका शेअरचे 50 केले, त्यापूर्वीं भाव तीन हजार डॉलरांवर गेला होता. हें ऐकून तोंडास पाणी सुटतें. परंतु मधली हकीकत ऐका. 2015 च्या उन्हाळ्यांत भाव साडेसातशेंच्या आसपास होता. त्याच वर्षीं तिच्या अन्नानें कित्येक लोक आजारी पडले, गिऱ्हाईक तुटलें, आणि 2018 च्या आरंभीं भाव अडीचशेंवर आला. जुना भाव पुन्हां दिसण्यास 2019 साल उजाडलें. चार वर्षें भागधारकाच्या हातीं ना लाभांश, ना भाव! आंब्याचें कलम लावणारास वाट पाहण्याची संवय असते हें खरें. परंतु तो निदान मधल्या जागेंत भाजीपाला तरी काढितो.

दुसऱ्या जातीची कंपनी म्हणजे बियाँड मीट. वाटाण्याच्या प्रथिनापासून मांसासारखा पदार्थ ती करिते. मे 2019 मध्यें शेअर 25 डॉलरांस विकला. जुलैमध्यें भाव 230 च्या वर गेला. तथापि 2024 अखेरपर्यंत पूर्ण वर्षाचा नफा तिला कधींच दाखवितां आला नाहीं. ऑक्टोबर 2025 मध्यें कर्जाच्या मोबदल्यांत तिनें तीस कोटींहून अधिक नवे शेअर काढिले, आणि भाव एका डॉलरच्याही खालीं गेला. आपल्याकडील झोमॅटो, जिचें नांव 2025 पासून इटर्नल आहे, ती दोहोंच्या मधली म्हणावी. जुलै 2021 मध्यें 76 रुपयांस शेअर विकला, वर्षानें भाव निम्म्याजवळ आला. 2023-24 सालीं पूर्ण वर्षाचा पहिला नफा दिसला, व 2024 मध्यें भाव दोनशेंवर गेला.

माझ्या स्वतःच्या गोष्टींत कंपनीचा दोष फारसा नाहीं. निवृत्तीच्या वेळीं मिळालेल्या रकमेपैकीं दोन लाख मीं अशाच एका खाद्यकंपनींत घातले. दीड वर्षानें मुलीचें लग्न ठरलें, आणि त्याच सुमारास बाजार पडलेला. लाभांश कधींच नव्हता, म्हणून हातीं साठलेलें कांहीं नाहीं. विकल्यावांचून गत्यंतर नाहीं. एक लाख बारा हजार आले. पुढें वर्षभरांत तोच भाव माझ्या खरेदीच्या वर गेला. तीस वर्षें दुसऱ्यांच्या जमाबंदीचा हिशेब चोख ठेवणाऱ्यानें स्वतःची निकड कोणत्या महिन्यांत येईल, याचा हिशेब केला नव्हता.

म्हणून घेण्यापूर्वीं कंपनीच्या वार्षिक अहवालांत तीन गोष्टी तरी पाहाव्या. पांच वर्षें नफा झाला आहे काय. राखलेल्या नफ्यानें पुढील नफा वाढला कीं नुसत्या इमारती वाढल्या. आणि शेअरांची एकूण संख्या फुगत तर नाहीं ना. हें शेवटचें कलम लोक बहुधा सोडून देतात. वारस वाढले कीं सात-बाऱ्यावरील प्रत्येकाचा हिस्सा घटतो, तसेंच हें आहे.

कराविषयीं एक गैरसमज आढळतो. शेतीचें उत्पन्न प्राप्तिकरांतून मुक्त, म्हणून शेतमालाच्या कंपनीचा लाभांशही मुक्त, असें कांहीं जण धरून चालतात. चहाच्या मळ्यांच्या कंपन्यांविषयीं हाच वाद 1954 सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें गेला होता; लाभांश हें शेतीचें उत्पन्न नव्हे, असा निकाल झाला. एप्रिल 2020 पासून लाभांश भागधारकाच्या उत्पन्नांत धरला जातो. लाभांश न देणाऱ्या शेअरवर विकेपर्यंत कर नाहीं, एवढी सोय खरी. 23 जुलै 2024 पासून लागू झालेल्या दरानें, वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या शेअरांवर सालांत सव्वा लाखापुढील नफ्यास शेंकडा साडेबारा कर बसतो. वर्षाच्या आंत विकल्यास शेंकडा 20.

प्रश्न विचारणाऱ्या सभासदानें ठिबकसाठीं राखलेली रक्कम या शेअरांत घालण्याचें योजिलें होतें. ठिबकच्या नळ्या त्यानें गेल्या आठवड्यांत आणिल्या. उरलेल्या पैशाचें काय केलें, तें मीं विचारिलें नाहीं.