विमान-देखभालीचा परवाना : पात्रता आणि जबाबदारी

१० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची, सुमारे १७,००० फूट उंचीवर, वैमानिकापुढील काच निखळून उडाली. कप्तान अर्धाअधिक बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी घट्ट धरून ठेवल्यामुळेच तो वाचला. उड्डाणापूर्वी सुमारे २७ तास ही काच नव्याने बसविण्यात आली होती. तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट किंचित कमी व्यासाचे निघाले. काम करणारी व्यक्ती अनुभवी होती. पण भागांच्या सूचीतील क्रमांक न तपासता बोल्ट नजरेने जुळविण्यात आले होते.

विमान-देखभालीच्या परवान्याच्या अटी इतक्या कडक का, याचे उत्तर या घटनेत आहे. दुरुस्तीनंतर 'विमान उड्डाणयोग्य आहे' अशी स्वाक्षरी परवानाधारक अभियंताच करतो.

आपल्या देशात हा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. विमानाचा सांगाडा, इंजिन व यांत्रिक यंत्रणा यांसाठी 'बी-१', तर विद्युत-इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी 'बी-२' हे प्रमुख वर्ग आहेत. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित या विषयांसह बारावी उत्तीर्ण झालेल्या किंवा अभियांत्रिकी पदविका घेतलेल्या विद्यार्थ्यास या शिक्षणाकडे वळता येते. परवाना मिळण्यासाठी वय किमान १८ वर्षे असावे लागते.

मात्र संस्थेचा अभ्यासक्रम पूर्ण होणे म्हणजे परवाना मिळणे नव्हे. विद्यार्थ्याला महासंचालनालयाच्या विषयवार परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात. त्यांत वायुगतिकी, देखभालीच्या पद्धती व विमानविषयक कायदा यांबरोबरच 'मानवी घटक' हाही स्वतंत्र विषय आहे. थकवा, घाई व रात्रपाळी यांमुळे माणसाच्या हातून चुका कशा होतात, हे त्यात शिकविले जाते. याशिवाय प्रत्यक्ष वापरातील विमानांवर काम केल्याचा अनुभव हवा. मान्यताप्राप्त संस्थेत शिकलेल्यास मोठ्या जेट विमानांच्या वर्गासाठी साधारणतः दोन वर्षांचा, तर असे शिक्षण न घेतलेल्यास याहून बराच अधिक अनुभव लागतो. पुढे विशिष्ट प्रकारच्या मोठ्या विमानावर स्वाक्षरी करण्यासाठी त्या प्रकाराचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते.

मुंबईचा विमानतळ आणि नागपूरच्या मिहान परिसरातील देखभाल केंद्र यांमुळे महाराष्ट्रातील तरुणांना हे क्षेत्र परके राहिलेले नाही. परंतु शिक्षणाचा खर्च मोठा असतो व त्यासाठी कित्येक कुटुंबांना कर्ज काढावे लागते. म्हणून शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी पालकांना तीन गोष्टी तपासून पाहण्यास अवश्य सांगावे : संस्थेला महासंचालनालयाची चालू मान्यता आहे काय, ती कोणत्या वर्गासाठी आहे आणि प्रत्यक्ष विमानांवरील अनुभवाची सोय कोठे होणार आहे. केवळ नोकरीच्या आश्वासनावर विसंबून शुल्क भरू नये.

देखभालीच्या पुस्तिका इंग्रजीत असतात. त्यामुळे गणिताच्या पायाबरोबरच इंग्रजी मजकूर वाचून अचूक समजण्याची सवय शाळेतच लागली, तर ग्रामीण विद्यार्थ्याची वाट पुष्कळ सुकर होईल. प्रत्येक काम पुस्तिकेशी ताडून पाहण्याची शिस्तही तेथूनच अंगी बाणविता येईल.