उसनी तरतरी

कवठे महांकाळ हा अवर्षणाचा तालुका. म्हैसाळ योजनेचे पाणी शेतांत खेळू लागण्यापूर्वी येथील कित्येक गावे टँकरची वाट पाहत. परंतु त्या दिवसांतही दारी आलेल्या माणसास चहा दिल्यावाचून कोणी परत धाडीत नसे. म्हणून चहास शत्रू म्हटलेले मला रुचत नाही. तथापि, त्याच्या अंगी असलेले कॅफीन हे द्रव्य विद्यार्थ्यांनी नीट ओळखले पाहिजे.

१८१९ साली रुंगे नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हे द्रव्य कॉफीच्या बियांतून वेगळे काढले. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडिनोसिन साचत जाते आणि ‘आता विसावा घे’ असा निरोप देते. कॅफीन या निरोप्याची जागाच अडवून बसते. निरोप पोचत नाही. मनुष्यास वाटते, शीण गेला. शीण मात्र दाराबाहेर तिष्ठत असतो आणि कॅफीनचा अंमल ओसरताच आत शिरतो.

परीक्षेच्या दिवसांत थर्मासभर चहा जवळ घेऊन बसणारी मुले मी अनेक वर्षे पाहिली. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी सुमारे निम्मे पाच तासांनंतरही शरीरात उरते. रात्री नऊ वाजता घेतलेला चहा दोन वाजताही झोपेच्या आड येतो. आणि दिवसा वाचलेले स्मरणात पक्के होते ते तर झोपेतच! याशिवाय अतिरेकाने छाती धडधडते, हात कापतात, चिडचिड वाढते.

चहापेक्षा मला धास्ती वाटते ती डब्यांतून मिळणाऱ्या ‘शक्तिवर्धक’ पेयांची. नियमाप्रमाणे त्यांत लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असू शकते; म्हणजे २५० मिलिलिटरच्या डब्यात ७५ मिलिग्रॅमपर्यंत. युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने मुलांसाठी सुचविलेली मर्यादा वजनाच्या दर किलोस ३ मिलिग्रॅम, अर्थात ३५ किलोंच्या मुलास दिवसाकाठी १०५. एका कपात निदान ३० मिलिग्रॅम धरले, तरी एक डबा आणि घरचे दोन कप चहा मिळून ती ओलांडली जाते. हे पेय मुलांसाठी नव्हे, असे डब्यावरच छापावे लागते. शाळांपासून ५०० मीटरांच्या आत त्याच्या विक्रीस बंदी घालण्याचा मनोदय जुलै २०२४ मध्ये मंत्र्यांनी विधानपरिषदेत सांगितला.

ज्यास सवय जडली असेल त्याने ती एकाएकी सोडू नये. डोके दुखते, जांभया येतात, कशात लक्ष लागत नाही. प्रथम सायंकाळचा कप वगळावा, मग उरलेले हळूहळू कमी करावेत.