शंभर पाखरांचे घर

अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्यात न्यू बर्लिन नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या गावात चेज मेमोरिअल नावाची वृद्धांची एक शुश्रूषासंस्था होती. सुमारे ८० वृद्ध स्त्री-पुरुष तेथे राहत. त्यांतील जवळजवळ निम्मे शरीराने पंगू झाले होते. पाचांपैकी चौघांची स्मृती किंवा बुद्धी वार्धक्यातील आजारांनी क्षीण झाली होती.

संस्थेत व्यवस्थेची उणीव नव्हती. जेवण वेळेवर मिळे, औषध वेळेवर मिळे आणि परिचारिका तत्परतेने सेवा करीत. १९९१ साली बिल थॉमस नावाचे ३१ वर्षांचे तरुण डॉक्टर तेथे वैद्यकीय प्रमुख म्हणून आले. त्यांना मात्र ती जागा फार उदास भासली. सारे काही होते, पण कोणाच्याच मुखावर उत्साह नव्हता. डॉक्टरांनी प्रथम वैद्याच्या रीतीने विचार केला. त्यांनी रहिवाशांच्या तपासण्या केल्या, औषधे बदलली. तरी उदासी हटेना.

डॉ. थॉमस स्वतः एका शेतावर राहत आणि आपले अन्न आपणच पिकवीत. शेतावरचे गजबजलेले जीवन आणि संस्थेतील निःशब्द दिवस यांतील अंतर त्यांना जाणवू लागले. विचारान्ती त्यांच्या ध्यानात आले की, या माणसांना तीन दुःखे ग्रासीत आहेत : कंटाळा, एकाकीपणा आणि असहायता. या तिन्हींवर औषधाच्या बाटलीत उपाय नव्हता. उपाय एकच होता, तो म्हणजे या घरात सजीव सृष्टी आणणे.

प्रत्येक खोलीत कृत्रिम फुलांच्या जागी खरी रोपे ठेवावीत, हिरवळ खणून तेथे भाजीपाला व फुलझाडे लावावीत, प्राणी पाळावेत आणि मुलांनाही येथे येऊ द्यावे, अशी योजना त्यांनी मांडली. राज्याच्या नियमाप्रमाणे अशा संस्थेत एकच कुत्रा किंवा एकच मांजर ठेवता येत असे. डॉक्टरांनी दोन कुत्रे, चार मांजरे आणि १०० पक्षी मागितले! सहकारी चकित झाले. एवढे पक्षी कशाला, असे त्यांना वाटले. परंतु पाखरांच्या किलबिलाटाने सारे घर भरून जावे, अशी डॉक्टरांची इच्छा होती. अखेरीस सहकाऱ्यांचे मन वळले. शासनानेही नियम शिथिल करून अनुमती दिली.

पक्षी आले तो दिवस मोठा गमतीचा ठरला. लहान जातीचे १०० पोपट येऊन पोहोचले, पण त्यांचे पिंजरे मात्र आले नव्हते! पक्षी आणणाऱ्या माणसाने तळमजल्यावरील केस कापण्याच्या खोलीत ते सगळे सोडून दिले, दार लावले आणि तो निघून गेला. त्याच दिवशी मागाहून पिंजरे आले, तेही सुटे भाग जोडून उभे करावयाचे. आता पिंजरे जोडणे आणि उडत्या पाखरांना पकडणे यांत सर्वांची एकच तारांबळ उडाली. एरवी आपल्याच विचारांत हरवलेले वृद्ध काचेला नाक लावून ही धांदल पाहू लागले आणि पोट धरधरून हसू लागले. त्या घरात इतके हसू कित्येक दिवसांत उमटले नव्हते.

आरंभी अडचणीही आल्या. एके दिवशी पहाटे कुत्र्याने जमीन घाण केली. ती कोणी साफ करावी, यावरून कुरबुर झाली. माणसांची शुश्रूषा करण्यासाठी आम्ही येथे आहो, प्राण्यांची घाण काढण्यासाठी नाही, असे काही परिचारिकांचे म्हणणे होते. परंतु हळूहळू कामांची वाटणी झाली आणि रहिवासीही त्यांत वाटा उचलू लागले. पाहता पाहता प्रत्येक पोपटाला कोणी ना कोणी आपलेसे केले आणि त्याचे नावही ठेवले. ससे आले, अंडी देणाऱ्या कोंबड्या आल्या. शाळा सुटल्यावर मुले येऊ लागली. जे बोलू शकत नाहीत असे वाटत होते, ते बोलू लागले. जे खोलीबाहेर पडत नसत, ते परिचारिकांकडे येऊन, कुत्र्याला फिरवून आणण्याचे काम मागू लागले.

तेथे एक वृद्ध गृहस्थ होते. साठांहून अधिक वर्षांची सहचारिणी निवर्तल्यापासून त्यांनी जेवणखाण जवळजवळ टाकले होते. त्यांच्या खोलीत पोपटांची एक जोडी ठेवण्यात आली. प्रथम त्यांनी तिच्याकडे लक्षही दिले नाही. पुढे मात्र पाखरांना काय आवडते, आज ती कशी आहेत, हे ते परिचारिकांना आपण होऊन सांगू लागले. ते पुन्हा जेवू लागले, नीट पोशाख करू लागले आणि रोज दुपारी कुत्र्याला घेऊन फिरावयास जाऊ लागले. तीन महिन्यांनी ते स्वतःच्या घरी राहावयास परत गेले.

या प्रयोगाचा दोन वर्षे अभ्यास करण्यात आला. जवळच्या दुसऱ्या एका संस्थेशी तुलना केली असता असे दिसून आले की, येथील प्रत्येक रहिवाशाला लागणारी औषधे निम्म्यावर आली होती. औषधांचा एकूण खर्च त्या संस्थेच्या खर्चाच्या शेकडा ३८ इतकाच होता. मृत्यूंचे प्रमाणही शेकडा १५ ने घटले होते. केवळ दोन संस्थांच्या तुलनेवरून याचे नेमके कारण सिद्ध होत नाही. परंतु माणसाला जगण्यासाठी काही हेतू लागतो आणि तो हेतू या वृद्धांना पुन्हा गवसला, अशी डॉ. थॉमस यांची श्रद्धा होती. त्यांची ही पद्धत पुढे अनेक देशांतील संस्थांनी स्वीकारली.

वृद्ध माणसांना विश्रांती द्यावी, त्यांच्या हातचे काम काढून घ्यावे, असे प्रेमापोटी पुष्कळांना वाटते. ते प्रेम खरेच असते. पण ज्या हाताला काहीच करावयाचे उरत नाही, तो हात लवकर थकतो. न्यू बर्लिनच्या वृद्धांची सेवा पूर्वीही होत होती. त्यांना उणीव होती ती कोणाची तरी सेवा स्वतः करण्याची. मूठभर दाण्यांसाठी आपली वाट पाहणारे एक पाखरू त्यांना मिळाले आणि ती उणीव भरून निघाली.

स्वाध्याय

१. संस्थेत व्यवस्था चांगली असूनही डॉ. थॉमस यांना ती जागा उदास का भासली?
२. पक्षी आले त्या दिवशी झालेल्या धांदलीचे वर्णन करा.
३. वृद्ध गृहस्थांच्या वागण्यात कोणकोणते बदल झाले?
४. तुमच्या घरातील किंवा शेजारातील एखाद्या वृद्ध व्यक्तीला कोणते काम करावयास आवडते, ते विचारा व त्याविषयी दहा ओळी लिहा.