अतिसुरक्षित कारागृहे : एका रचनेचा जगप्रवास

कारागृहाची रचना ही केवळ बांधकामाची बाब नसते. दंडाविषयीची एक विशिष्ट कल्पना तिच्यात साकार झालेली असते. अतिसुरक्षित कारागृहांचे खरे लक्षण उंच तट किंवा सशस्त्र पहारा हे नव्हे. बंदिवानास दिवसाचे बावीस-तेवीस तास कोठडीत एकटे ठेवणे, हे होय.

ही कल्पना नवी नाही. १८२९ साली फिलाडेल्फिया येथे उघडलेल्या ईस्टर्न स्टेट कारागृहात प्रत्येक बंदिवानास स्वतंत्र कोठडी असे. एकान्तात मनुष्य अंतर्मुख होऊन पश्चात्ताप पावेल, अशी तिच्या पुरस्कर्त्यांची श्रद्धा होती. लंडनच्या पेंटनव्हिल कारागृहाने १८४२ मध्ये हाच कित्ता गिरविला. अंदमानातील सेल्युलर जेल (१८९६-१९०६) ही याच परंपरेतील. सात शाखा, ६९३ कोठड्या आणि एका शाखेचे तोंड दुसरीच्या पाठीकडे, ही तिची रचना. सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’मुळे मराठी वाचकास तेथील बंदिवास परिचित आहे. येथे मात्र पश्चात्तापाऐवजी परस्परसंपर्क तोडणे हाच हेतू प्रधान ठरला. एकान्तवासाने अनेक बंदिवानांना वेड लागल्याची नोंद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९० मध्येच, मेडली खटल्यात, केली होती.

पुढे ही पद्धती बहुतांशी मागे पडली. तिचे पुनरागमन झाले ते सुरक्षेच्या नावाने. इलिनॉय राज्यातील मॅरियन कारागृहात २२ ऑक्टोबर १९८३ रोजी दोन पहारेकऱ्यांची हत्या झाली. त्यानंतर लागू झालेली टाळेबंदी तेवीस वर्षे टिकली; अपवादालाच नियमाचे रूप आले. कॅलिफोर्नियातील पेलिकन बे (१९८९) आणि कोलोरॅडोतील फ्लॉरेन्स (१९९४) ही कारागृहे तर या नियमाच्या मापानेच बांधण्यात आली.

तेथून ही रचना देशोदेशी गेली. कोलंबियाने २००० साली अमेरिकी कारागृह खात्याच्या साहाय्याने वाय्येदुपार येथे असे कारागृह उभारले. दक्षिण आफ्रिकेत कोकस्टाडचे कारागृह झाले. तुर्कस्तानात बंदिवान मोठ्या बराकींत एकत्र राहत. त्यांना लहान कोठड्यांत हलविण्याविरुद्ध उपोषणे झाली. डिसेंबर २००० मधील लष्करी कारवाईत सुमारे तीस बंदिवान मृत्युमुखी पडले. बराकीतील सहवास हा त्यांना जिवाइतकाच मोलाचा वाटला, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

या प्रसाराने एक कायदेविषयक प्रश्न निर्माण केला आहे. शिक्षा म्हणून दिलेल्या एकान्तवासास कायदा मुदत घालतो. भारतीय दंडसंहितेने (१८६०) एका वेळी चौदा दिवस आणि एकंदर तीन महिने ही मर्यादा ठरविली. २०२४ पासून अंमलात आलेल्या न्यायसंहितेतही ती कायम आहे. परंतु तोच एकान्तवास ‘व्यवस्था’ म्हणून योजिला, की तो शिक्षा गणला जात नाही, आणि मुदतही उरत नाही. सुनील बत्रा खटल्यात (१९७८) भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट ओळखली. फाशीची शिक्षा झालेल्या बंदिवानासही कारागृहाधिकारी आपल्या अधिकारात एकान्तवास देऊ शकत नाहीत, असा निर्वाळा त्याने दिला. संयुक्त राष्ट्रांच्या मंडेला नियमांनी (२०१५) नावाचा प्रश्न बाजूस सारून तासांचे व दिवसांचे माप स्वीकारले : अर्थपूर्ण मानवी संपर्काविना दिवसाचे बावीस तास म्हणजे एकान्तवास, सलग पंधरा दिवसांहून अधिक काळ तो निषिद्ध.

तात्पर्य, इमारतीचा आराखडा परदेशातून सहज आणता येतो. तिला आवर घालणारी मर्यादा मात्र प्रत्येक देशाला स्वतःच घालावी लागते. ती नसेल तेथे दंड न्यायालय देत नाही, भिंत देते.