अर्जासोबतचा निबंध आणि सोबत्यांचे मत



आपल्याकडे बहुतेक महाविद्यालयांत गुणपत्रिकेवर किंवा प्रवेश परीक्षेवर प्रवेश मिळतो. परदेशातील अनेक विद्यापीठे मात्र गुणांबरोबर ‘मला हाच विषय का शिकायचा आहे’ हे सांगणारा निबंधही मागतात. ब्रिटनमधील पदवी अभ्यासक्रमांच्या अर्जात २०२६ च्या प्रवेशापासून एका सलग निबंधाऐवजी तीन प्रश्नांची उत्तरे लिहावी लागतात. तिन्ही मिळून मर्यादा चार हजार अक्षरांची. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, परंतु तिच्यासाठी परदेशी विद्यापीठातील प्रवेश लागतो. म्हणून या निबंधाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

सोलापुरात आजही अनेक घरांतील मुलगा किंवा मुलगी ही त्या घरातली पहिलीच पदवीधर असते. निबंध दाखवावा असे घरात कोणी नसते. अशा वेळी बरोबरीचा विद्यार्थी हाच आपला पहिला वाचक होय. पण दाखवायची लाज वाटते, ‘हसतील’ अशी भीती वाटते. ही भीती प्रथम टाकली पाहिजे. वर्षावासाच्या अखेरीस पवारणेच्या दिवशी भिक्खू स्वतःच संघाला विनंती करतो की, माझा दोष दिसला, ऐकला किंवा त्याची शंका आली असेल तर सांगावा. ज्येष्ठ भिक्खूही ही विनंती करतात. आपला दोष विचारल्याने कोणी लहान होत नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी जातिसंस्थेवरील आपला निबंध ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात वाचला आणि १९१७ साली तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापला गेला. पुढे लंडनला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी सुधारण्यास सांगितला. त्यांनी तो पुन्हा लिहिला, पण निष्कर्ष बदलले नाहीत. १९२३ साली तो मान्य झाला. त्यांचे मार्गदर्शक प्रा. कॅनन यांनी पुस्तकाच्या प्रस्तावनेत काही मुद्द्यांवरील आपला मतभेद उघडपणे नोंदविला. मांडणी सुधारावी, मत मात्र आपलेच ठेवावे, हा यातील धडा आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू.

१. निबंध आधी मराठीत लिहून काढा. विचार स्पष्ट झाला की इंग्रजी सोपी होते.

२. मुदतीच्या किमान पंधरा दिवस आधी दोघांना दाखवा. एक आपल्या विषयाचा आणि एक वेगळ्या शाखेचा असावा.

३. ‘कसा वाटला?’ असे विचारू नका. ‘छान’ एवढेच उत्तर येईल. तीन प्रश्न विचारा. कागद मिटून सांग, मला काय शिकायचे आहे व का? वाचताना कोठे अडखळलास? कोणते वाक्य दुसऱ्या कोणाच्याही निबंधात चालले असते?

४. वाचणाऱ्याने खुणा कराव्यात, वाक्ये लिहून देऊ नयेत. दुसऱ्याचे वाक्य मुलाखतीत आपल्याला पेलत नाही.

५. दोघेही एकाच जागी अडले तर तेथे दोष नक्कीच आहे. दोघांची मते भिन्न असतील तर निर्णय आपण घ्यावा.

समजा, एका विद्यार्थिनीने लिहिले, ‘मी गरीब कुटुंबातील असून मला समाजसेवेची आवड आहे.’ मैत्रीण विचारते, “तुला सार्वजनिक आरोग्यच का शिकायचंय?” तेव्हा तिला आठवते की आई घरी विड्या वळते, तंबाखूची धूळ घरभर उडते, आई रात्री खोकते आणि शेजारच्या बायकाही खोकतात. हा खोकला आजार म्हणून कोणी कोठे नोंदवला आहे काय, हे तिला शोधायचे आहे. हे सर्व तिच्याजवळ होतेच. सांगण्यासारखे आहे असे तिला वाटले नव्हते. मैत्रिणीने एक शब्दही लिहून दिला नाही, फक्त प्रश्न विचारला.

मित्रांनो, आज दुसऱ्याचा निबंध वाचणाऱ्याला उद्या स्वतःच्या निबंधातील दोषही दिसू लागतात. म्हणून रविवारी एक तास चार-पाच जणांनी एकत्र बसावे, एकमेकांचे कागद वाचावेत. या कामाला पैसा लागत नाही. मात्र खरे बोलण्याची आणि खरे ऐकून घेण्याची तयारी लागते.