पांढऱ्या उंदराच्या पिल्लाचं घर

प्रश्न : बुलढाणा जिल्ह्यातल्या वरवट बकालच्या एका वाचकाकडे पाळीव पांढऱ्या उंदराचं पिल्लू आहे. पोपटाचा जुना पिंजरा चालेल का?

उत्तर : नाही. डोकं शिरलं की पिल्लाचं सारं अंग निसटतं. गजांमधलं अंतर 12 मिलिमीटरपेक्षा कमीच हवं. तळाच्या जाळीवर पुठ्ठा आणि कागदाचे कपटे पसरावेत. कापसाच्या मुलखात कापूस हाताशी असतो, पण तो अंथरू नये. तंतू पायाला आवळून रक्त थांबतं.

खरी कसोटी मे महिन्यात. पारा चाळिशीपार जातो आणि उंदीर थोडीच उष्णता शेपटीतून सोडू शकतो. तापल्या पत्र्याखाली पिंजरा नकोच.

एकटं पिल्लू झुरतं. जोडीला दुसरं आणावं, मात्र नराला नर, मादीला मादी. नाहीतर वयात आल्यावर तीनेक आठवड्यांत पिंजरा भरतो.