छायाचित्र खरे की खोटे?

दहावीच्या निरोप समारंभात आम्ही वर्गाचे छायाचित्र काढले. त्या दिवशी एक मुलगा तापामुळे घरी होता. चार दिवसांनी ते छायाचित्र वर्गात लागले. पाहतो तर काय, तो मुलगा मागच्या रांगेत हसत उभा! त्याच्या मित्राने संगणकावर त्याला तेथे आणून उभे केले होते. सगळी मुले खूश झाली. पण एका मुलीने विचारले, "सर, तो तर आलाच नव्हता. मग हे छायाचित्र खोटे नाही का?"

मला लगेच उत्तर देता आले नाही. उत्तर शोधताना जे वाचले, तेच येथे सांगतो.

छायाचित्रांतील फेरफार संगणकाबरोबर सुरू झाले, असे अनेकांना वाटते. तसे नाही. १८५७ साली इंग्लंडमध्ये ऑस्कर रेलँडर यांनी तीसपेक्षा जास्त निगेटिव्ह जोडून एकच मोठे चित्र तयार केले. त्यात एक वृद्ध पुरुष दोन तरुणांना जीवनाची वाट दाखवतो. एक तरुण सन्मार्गाकडे वळतो, तर दुसरा वाईट मार्गाकडे. ही कला की हातचलाखी, असा वाद तेव्हाही झाला. पण राणी व्हिक्टोरियाने त्या चित्राची एक प्रत विकत घेतली.

अमेरिकेचे छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचे उदाहरण पाहू. १९४१ साली एका संध्याकाळी ते न्यू मेक्सिको राज्यातून मोटारीने जात होते. हर्नांडेझ नावाच्या खेड्यावर चंद्र उगवला होता आणि कबरस्तानातील पांढरे क्रूस मावळत्या उन्हात चमकत होते. त्यांनी घाईघाईने कॅमेरा लावला. एकच छायाचित्र निघाले आणि ऊन गेले. मात्र त्या एका निगेटिव्हवरून त्यांनी आयुष्यभर शेकडो प्रती काढल्या. डार्करूममध्ये कागदाच्या एखाद्या भागावर कमी प्रकाश पडू दिला, तर तो भाग उजळ राहतो. जास्त प्रकाश दिला, तर तो काळा होतो. अशा रीतीने अ‍ॅडम्स यांनी आकाश अधिकाधिक गडद केले. ते मुळात पियानो शिकलेले होते. निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिहिलेली सुरावट आणि प्रत म्हणजे तिचे वादन, असे ते मानत.

आता संगणकाचे उदाहरण घ्या. जर्मनीचे आंद्रेआस गुर्स्की यांनी १९९९ साली ऱ्हाईन नदीचे एक छायाचित्र तयार केले. पलीकडच्या काठावरची इमारत आणि फिरायला आलेली माणसे त्यांनी संगणकावर पुसून टाकली. उरली फक्त हिरवी जमीन, करडे पाणी आणि करडे आकाश. आपण काय केले, हे त्यांनी लपवले नाही. २०११ साली न्यूयॉर्कच्या लिलावात या चित्राला ४३ लाख डॉलरहून अधिक किंमत मिळाली.

मग फेरफार केव्हा चुकतो? फेब्रुवारी १९८२ मध्ये 'नॅशनल जिओग्राफिक' मासिकाच्या मुखपृष्ठावर इजिप्तमधील गिझाच्या पिरॅमिडांचे छायाचित्र छापले गेले. मूळ छायाचित्र आडवे होते, मुखपृष्ठ उभे. म्हणून संगणकाच्या साहाय्याने पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले गेले. चित्र सुंदर दिसले, पण वाचक नाराज झाले. जग जसे आहे तसे दाखवणारे मासिक म्हणून ते त्याच्यावर विश्वास ठेवत होते. आपली ही चूक होती, हे मासिकाने पुढे कबूल केले.

मुलांनो, गुर्स्की यांनी इमारत काढली आणि मासिकाने पिरॅमिड सरकवला. साधन एकच, संगणक. फरक आहे तो दिलेल्या शब्दात. कलावंत म्हणतो, "मला जे जाणवले, ते मी दाखवतो." बातमीदार म्हणतो, "जे घडले, ते मी दाखवतो." दोघांनी आपापला शब्द पाळला, तर दोघेही खरे. कलावंताने आपली कल्पना घडलेली गोष्ट म्हणून खपवली, तर त्याची कलाही खोटी ठरते.

आमच्या वर्गाचे छायाचित्र ही त्या दिवसाची नोंद होती. वीस वर्षांनी पाहणारा तिच्यावर विश्वास ठेवील. मी हे मुलांना सांगितले. छायाचित्र उतरवायचे का, असे काहींनी विचारले. तेव्हा तो तापाने आजारी असलेला मुलगाच पुढे आला. त्याने पेन घेतले आणि छायाचित्राखाली लिहिले, "मी त्या दिवशी गैरहजर होतो. मित्रांनी मला नंतर सामील करून घेतले."

ते छायाचित्र अजून भिंतीवर आहे. आता ते खरे आहे.

शब्दार्थ
फेरफार – बदल
हातचलाखी – हाताची करामत
सन्मार्ग – चांगला मार्ग
गडद – दाट रंगाचे
करडा – राखेच्या रंगाचा
नोंद – लिहून किंवा जपून ठेवलेली माहिती

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रेलँडर यांनी किती निगेटिव्ह जोडले?
(आ) अ‍ॅडम्स यांनी आकाश गडद कसे केले?
२. कारणे द्या.
(अ) मासिकाचे वाचक नाराज झाले.
(आ) मुलाने छायाचित्राखाली ओळ लिहिली.
३. तुमच्या घरातील एका जुन्या छायाचित्राविषयी आठ ओळी लिहा.